काही इन्स्टॉल न करता पडद्याचं रेकॉर्डिंग: मोडीच्या वर्गासाठी मदत हवी आहे

शिरोरेषा | मंगळवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,

आमच्या गावातल्या वाचनालयात मी रविवारी मोडी वाचनाचा वर्ग घेते. समोर बसणारे थोडे आणि 'ताई, आज जमलं नाही, काय झालं ते पाठवा' म्हणणारे जास्त, अशी परिस्थिती आहे. फळ्याचा फोटो पाठवून भागत नाही. मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात आणि मग अक्षरं तिला टांगत जातात, हात शक्यतो न उचलता. अक्षर कुठून सुरू झालं, कुठे वळलं आणि पुढच्या अक्षरात कसं शिरलं हे डोळ्यांसमोर घडताना दिसलं तरच वाचनाला हात बसतो. म्हणून विचार असा आहे की पडद्यावर जुन्या कागदाचा स्कॅन उघडायचा, त्यावर गिरवत जायचं, सोबत बोलायचं आणि हे सगळं रेकॉर्ड करून पाठवायचं.

संगणक वाचनालयाचा आहे, विंडोज १०. नवीन काही टाकायचं तर पासवर्ड लागतो आणि तो ज्यांच्याकडे आहे ते गृहस्थ फोन उचलत नाहीत. त्यामुळे ब्राउझरमध्येच चालणारं फुकट साधन हवं आहे. एका साइटवर चित्र छान आलं, पण आवाजाचा पत्ता नाही. दुसरी साइट आधी खातं उघडा म्हणते. काही कागद एका घराण्याने विश्वासाने दिलेले आहेत, ते कुठल्या तरी परदेशी सर्व्हरवर जाऊन बसलेले मला चालणार नाहीत.

जाणकारांनी मार्गदर्शन करावं. मी तांत्रिक नाही, पण सांगितलेलं नीट करते.

---

आळशी_अजगर | मंगळवार, रात्री ९:१८

ओबीएस स्टुडिओ हा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम टाका. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे. विषय संपला.

---

परसदार | मंगळवार, रात्री ९:२५

अजगरा, धागा वाचलास का? इन्स्टॉल करता येत नाही म्हणतायत त्या.

---

आळशी_अजगर | मंगळवार, रात्री ९:३१

वाचला. ओबीएसची झिपही मिळते, पेन ड्राइव्हवर उलगडून चालवता येते. ब्राउझरवाली साधनं म्हणजे खेळणी आहेत. त्यांचा काही भरवसा नाही.

---

निळी_शाई | मंगळवार, रात्री १०:०५

अजगरभाऊ, ओबीएस मीही रोज वापरतो, पण सीन, सोर्स, एन्कोडर, बिटरेट हे सगळं मोडी शिकवणाऱ्या ताईंच्या गळ्यात कशाला? त्यांना एक कागद, एक पेन आणि एक आवाज हवा आहे.

ताई, आधी एक गोष्ट लक्षात घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. या साइटी स्वतः पडदा पकडत नाहीत. ते काम ब्राउझर करतो. क्रोममध्ये ही सोय २०१९च्या सुरुवातीला, आवृत्ती ७२ पासून थेट मिळायला लागली. फायरफॉक्समध्ये त्याच वर्षी ६६ पासून. त्याआधी क्रोमला एक्स्टेन्शन, म्हणजे वेगळी जोडणी, लागायचं. आतमध्ये दोन भाग असतात. 'गेटडिस्प्लेमीडिया' पडद्याचं चित्र हाती देतो आणि 'मीडियारेकॉर्डर' ते फाइलमध्ये भरतो. साइट काय करते? बटण देते, दोन्हींची गाठ मारून देते आणि बाजूला जाहिराती लावते. त्यामुळे 'सगळ्यात चांगली साइट कुठली' यात रात्री घालवू नका. बटण दाबल्यावर ब्राउझर जी चौकट उघडतो, तिच्यात तुम्ही काय निवडता यावर बहुतेक सगळं ठरतं.

त्या चौकटीत तीन पर्याय असतात: ब्राउझरचा एक टॅब, एखादी विंडो किंवा पूर्ण स्क्रीन. तिथेच आवाजाचा एक खटका असतो आणि घोळ तिथेच होतो. तो खटका संगणकातून निघणाऱ्या आवाजाचा आहे, तुमच्या आवाजाचा नाही. टॅबमध्ये यूट्यूब चालू असेल तर त्याचा आवाज त्या खटक्याने येईल. तुमचं बोलणं येतं मायक्रोफोनमधून आणि त्याची परवानगी ब्राउझर वेगळी मागतो. साइटवर माइकचं चिन्ह शोधा, ते आधी चालू करा, वर डावीकडे परवानगी विचारली जाईल तिथे हो म्हणा आणि मगच रेकॉर्डिंगचं बटण दाबा.

तुमच्या कामाला संगणकातला आवाज लागतच नाही. तो बंद ठेवा, नुसता माइक चालू.

---

शेवग्याची_शेंग | मंगळवार, रात्री १०:२०

रुमाल टाकून ठेवते. मलाही हवंच होतं हे.

---

शिरोरेषा | बुधवार, सकाळी ११:४०

निळी_शाई, मनापासून आभार. माइकची परवानगी वेगळी असते हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. आवाज आला!

आता पुढचं. स्कॅन मी विंडोजच्या फोटो दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडते. टॅब निवडला तर तो दिसत नाही. पूर्ण स्क्रीन निवडली तर मधेच वाचनालयाच्या व्हॉट्सॲपचे निरोप कोपऱ्यात उगवतात. आणि गिरवायचं कशावर? माउसचा बाण नुसता फिरवला तर विद्यार्थ्यांना वळण कळत नाही.

---

निळी_शाई | बुधवार, दुपारी १:१५

सगळं टॅबमध्येच आणा. विंडोज १० बरोबर एज ब्राउझर आलेलाच असतो, त्याला कुणाचा पासवर्ड लागत नाही. स्कॅनची पीडीएफ करून घ्या. चित्र उघडून प्रिंट म्हणा आणि छपाईयंत्राच्या जागी 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' निवडा. ती पीडीएफ एजमध्ये ओढून टाका. वरच्या पट्टीत 'ड्रॉ' नावाचं पेन दिसेल, रंग आणि जाडी बदलता येते. लाल रंग घ्या, काळ्या शाईवर उठून दिसतो.

मग एजमध्येच दुसऱ्या टॅबमध्ये रेकॉर्डिंगची साइट उघडा आणि निवडताना हा पीडीएफचा टॅब निवडा. एज आतून क्रोमच्याच इंजिनावर चालतो, त्यामुळे चौकट तशीच येईल. टॅब निवडला की त्या टॅबबाहेरचं काहीच चित्रात येत नाही. व्हॉट्सॲप कितीही टणटणू दे, तुमचा कागद स्वच्छ.

कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबून कागद मोठा करून घ्या. विद्यार्थी फोनवर बघणार आहेत हे धरून चाला. तुम्हाला जे नीट दिसतं त्याच्या दीडपट मोठं हवं.

---

बे_एके_बे | बुधवार, संध्याकाळी ६:५०

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक. आमच्या केंद्रातल्या गुरुजनांना यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी पोर्टलवर माहिती कशी भरायची ते दाखवण्यासाठी मी हाच उद्योग करतो. शंभर फोन घेण्यापेक्षा एक व्हिडिओ बरा.

तीन गोष्टी अनुभवाने सांगतो. एक, हेडफोनला जोडलेला साधा माइकही लॅपटॉपच्या माइकपेक्षा चांगला, कारण तो तोंडाजवळ असतो. लॅपटॉपचा माइक पंखा, कुकरची शिट्टी आणि शेजारच्या वर्गातले पाढे सगळं सारख्याच प्रेमाने टिपतो. दोन, रेकॉर्डिंगच्या आधी कागदावर चार ओळी लिहून घ्या. काय दाखवणार आणि तेव्हा काय बोलणार. तीन, पडद्यावर कुणाची माहिती दिसतेय ते दहादा बघा. आमच्याकडे विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक असतात. धूसर करत बसण्यापेक्षा मी खोट्या नावाची आणि शून्य-शून्य आकड्यांची कोरी नोंद उघडून दाखवतो, ती जतन करतच नाही.

---

कट्टेकरी | बुधवार, संध्याकाळी ७:३०

गुरुजींच्या दुसऱ्या मुद्द्याला +१. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहा. प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांनी उभा केलेला. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर शिकवणारी पडद्याची रेकॉर्डिंगं, साधारण दहा दहा मिनिटांची, मराठीसह अनेक भारतीय भाषांत. त्यांच्या संहितेत दोन रकाने असतात, एकात पडद्यावर काय दिसणार आणि दुसऱ्यात काय बोलायचं. भाषांतर फक्त दुसऱ्या रकान्याचं होतं. पडदा तोच, आवाज मराठी.

आणि शिकणाऱ्याने कसं बघावं तेही ते सांगतात. अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ, अर्ध्यावर तेच सॉफ्टवेअर उघडं. बघायचं, थांबवायचं, स्वतः करायचं. ताईंच्या वर्गाला तर हे चपखल बसेल. शेजारी वही आणि बोरू.

---

शेवग्याची_शेंग | बुधवार, रात्री ८:४५

माझा प्रश्न सगळ्यात जुना. कागद सर्व्हरवर जातात की नाही हे ओळखायचं कसं? प्रत्येक साइट 'आम्ही तुमच्या खासगीपणाचा आदर करतो' असंच म्हणते.

---

परसदार | बुधवार, रात्री ९:०२

साधी चाचणी. साइट उघडा, पान पूर्ण येऊ द्या. मग वाय-फाय बंद करा. आता रेकॉर्ड करा, थांबवा आणि फाइल उतरवून घ्या. जमलं तर फाइल तुमच्याच यंत्रावर तयार झाली. 'अपलोड होत आहे' म्हणून चक्र फिरत बसलं तर समजा फाइल त्यांच्याकडे जाते आहे.

---

आळशी_अजगर | बुधवार, रात्री ९:१०

आणि वाय-फाय परत चालू केल्यावर गुपचूप पाठवणार नाही कशावरून?

---

परसदार | बुधवार, रात्री ९:१९

पहिल्यांदाच बरोबर बोललास. चालू करायच्या आधी टॅब बंद करायचा. एवढ्यानेही समाधान होत नसेल तर एफ१२ दाबून 'नेटवर्क' (काय ये-जा करतंय ते दाखवणारी यादी) उघडं ठेव आणि चालू नेटवर रेकॉर्ड कर. काही शेकडो एमबीची फाइल बाहेर चालली तर तिथे लपत नाही.

---

निळी_शाई | बुधवार, रात्री ९:५०

दोघांनाही अनुमोदन, आणि एक भर. अपलोड करणाऱ्या सगळ्या साइटी लबाड असतात असं नाही. काहींचा धंदाच तो आहे: रेकॉर्ड करा, लगेच दुवा मिळेल, सहकाऱ्याला पाठवा. लूम त्यातलंच, ॲटलासियन कंपनीने २०२३ मध्ये विकत घ्यायचं जाहीर केलं ते. कार्यालयात 'हा बग असा येतो' एवढं दाखवायला दुवा सोयीचाच. ताईंची गरज उलटी आहे, म्हणून त्यांनी स्थानिक फाइल देणारंच साधन निवडावं. खातं मागणाऱ्या साइटीवर सरळ फुली मारा. फाइल तुमच्याच यंत्रावर राहणार असेल तर खातं कशाला हवंय?

बाकी ब्राउझर स्वतः बराच पहारा देतो. तुम्ही बटण दाबल्याशिवाय कुठलीही साइट पडदा मागू शकत नाही, सुरक्षित म्हणजे एचटीटीपीएस पत्ता असावा लागतो आणि परवानगी दर वेळी नव्याने द्यावी लागते. माइकची परवानगी लक्षात ठेवली जाते, पडद्याची नाही. रेकॉर्डिंग चालू असताना 'शेअरिंग थांबवा' ची पट्टी दिसत राहते ती याचसाठी. ती त्रासदायक वाटते, पण असू द्या.

---

हडसनकाठी | गुरुवार, पहाटे ५:३५

इकडे न्यू जर्सीत मॅकवर. क्रोममध्ये पूर्ण स्क्रीन निवडली तर काहीच पकडलं जात नाही. टॅब मात्र चालतो. काय भानगड?

---

निळी_शाई | गुरुवार, सकाळी ९:००

सिस्टिम सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', त्यात स्क्रीन रेकॉर्डिंगचा पर्याय, तिथे क्रोमचा खटका चालू करा आणि क्रोम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. २०१९च्या कॅटलिना आवृत्तीपासून मॅक ही परवानगी प्रत्येक ॲपला वेगळी मागतो. टॅबसाठी ती लागत नाही, कारण तिथे क्रोम स्वतःचंच पान स्वतः टिपतो. पण मॅकवर कमांड, शिफ्ट आणि ५ एकत्र दाबा की रेकॉर्डर हजर. फक्त पडदा आणि माइक हवा असेल तर साइट कशाला शोधायची?

विंडोज ११ वाल्यांनाही हेच. स्निपिंग टूलमध्ये आता व्हिडिओ घेता येतो. विंडोज १० मध्ये विंडोज आणि जी दाबून गेम बार येतो, पण तो एकाच ॲपची विंडो घेतो, डेस्कटॉप किंवा फाइल एक्सप्लोरर घेत नाही.

---

शिरोरेषा | रविवार, दुपारी ४:२०

आजचा वर्ग रेकॉर्ड केला. पेन, कागद, आवाज सगळं उत्तम. वाय-फायची चाचणीही उत्तीर्ण. पण फाइल विचित्र आहे. नाव संपतं वेबएम असं. चालवली तर किती मिनिटांची आहे ते दिसत नाही आणि मधे ओढून नेता येत नाही. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून जात नाही. आयफोनवाल्या एका विद्यार्थिनीकडे उघडतच नाही.

---

निळी_शाई | रविवार, संध्याकाळी ६:०५

फाइल बिघडलेली नाही. ब्राउझर चित्रं जशी येतील तशी लिहीत जातो. सुरुवातीला एकूण लांबी माहीत नसते, शेवटी मागे जाऊन कुणी ती भरत नाही. वहीच्या पहिल्या पानावर 'एकूण पाने' ची जागा कोरी सोडली आणि वही संपल्यावर आकडा टाकायचा राहिला, तसं. काही साधनं शेवटी ही दुरुस्ती करतात, बरीच करत नाहीत.

वेबएम हा वेबसाठीचा खुला प्रकार. क्रोम, फायरफॉक्स आणि व्हीएलसी हा व्हिडिओ चालवणारा प्रोग्रॅम यांना त्याचं काही वाटत नाही, आयफोनचा फोटोसंग्रह आणि व्हॉट्सॲप मात्र नाक मुरडतात. हल्लीचे क्रोम आणि एज सरळ एमपी४ ही लिहू शकतात, म्हणून साधनात 'फॉर्मॅट' अशी निवड आहे का ते आधी बघा. नसेल तर घरच्या संगणकावर व्हीएलसी असेल त्यात 'कन्व्हर्ट / सेव्ह' करून एमपी४ करा. लांबीचा घोळही त्यातच मिटतो.

---

बे_एके_बे | रविवार, संध्याकाळी ६:४०

किंवा ज्या कागदांचं बंधन नाही ते यूट्यूबवर 'अनलिस्टेड' म्हणून चढवा. वेबएम जशीच्या तशी घेतो, फॉर्मॅट, लांबी, आयफोन सगळं तो बघून घेतो. खात्याची फोनने पडताळणी केलेली नसेल तर पंधरा मिनिटांची मर्यादा आहे. आणि अनलिस्टेड म्हणजे खासगी नव्हे. दुवा ज्याच्या हाती पडेल त्याला दिसतं. घराण्याचे कागद तिथे नकोत.

---

निळी_शाई | रविवार, संध्याकाळी ७:१०

गुरुजींचं योग्य. आणि ताई, अख्खा वर्ग एका दमात रेकॉर्ड करू नका. साधनाने वेगळं काही सांगितलं नसेल तर ब्राउझर सेकंदाला साधारण २.५ मेगाबिट धरतो. म्हणजे मिनिटाला १८-१९ एमबी, तासाला एक जीबीच्या वर. पडदा स्थिर असेल तर प्रत्यक्षात कमी भरतं, पण हिशेब हाच धरा. काही साधनं हा सगळा ऐवज थांबवेपर्यंत मेमरीतच धरून ठेवतात. मधे वीज गेली किंवा कुणी टॅब बंद केला तर हाती काही उरत नाही.

दहा मिनिटांचे तुकडे करा. एक कागद, एक फाइल. पुन्हा बघणाऱ्यालाही नेमकं तेवढंच सापडतं.

---

चहा_टपरी | रविवार, रात्री ८:३०

अवांतर विचारतो. ओटीटीवरची मालिका अशी रेकॉर्ड होते का? बायकोला गावी नेट नसतं.

---

परसदार | रविवार, रात्री ८:३४

पडदा काळा येतो. चित्रपट-मालिकांच्या साइटी व्हिडिओ कुलूप लावून पाठवतात, ते कुलूप बरेचदा थेट ग्राफिक्स यंत्रणेत उघडतं आणि पडदा टिपणाऱ्याला तिथे काळा चौकोन मिळतो. आवाज येईल फार तर. त्यांच्याच ॲपमध्ये 'डाउनलोड' असतं ना, वहिनींना ते करून द्या.

---

कट्टेकरी | रविवार, रात्री ९:१५

ताई, एक जाताजाता. कागद पुराभिलेखागारातले असतील तर वर्गात दाखवणं वेगळं आणि व्हिडिओत घालून पसरवणं वेगळं. प्रत घेताना ज्या अटींवर सही केली असेल त्या एकदा वाचा. आणि ऑनलाइन मीटिंगमधून वर्ग घेत असाल तर मीटिंगचा टॅब रेकॉर्ड करू नका, पीडीएफचाच करा. म्हणजे विद्यार्थ्यांचे चेहरे आणि नावं त्यात येत नाहीत. शंका विचारायला लोक बिचकतात हो रेकॉर्डिंग दिसलं की.

---

शिरोरेषा | सोमवार, सकाळी १०:३०

सगळ्यांचे आभार. वेबएमची एमपी४ भाच्याच्या लॅपटॉपवर झाली आणि आयफोनवरही उघडली. घराण्याचे कागद फक्त वर्गातल्यांना फाइलने देणार. यूट्यूबसाठी बाराखडीचे व्हिडिओ वेगळे करते, त्यात मी स्वतः लिहिलेले नमुने घेईन, म्हणजे परवानगीचा प्रश्नच नाही. पुढच्या रविवारपासून दहा मिनिटांचेच तुकडे.

कट्टेकरी, तुमच्या दोन रकान्यांची युक्ती फारच कामाची निघाली. डावीकडे मोडी ओळ, उजवीकडे मी काय बोलणार ते. तोच कागद विद्यार्थ्यांना टिपण म्हणूनही देता येतो.

---

शेवग्याची_शेंग | सोमवार, दुपारी १२:१०

बाराखडीचे झाले की दुवा इथेच द्या, मला शिकायचं आहे. आणि हे सगळं मोबाइलच्या क्रोममध्ये का दिसत नाही? माझ्याकडे संगणकच नाही.

---

निळी_शाई | सोमवार, दुपारी १२:४५

मोबाइलच्या ब्राउझरला पडदा टिपायची ही सोय दिलेलीच नाही, अँड्रॉइडवरही नाही आणि आयफोनवरही नाही. कुठली साइट 'मोबाइलवरही चालेल' म्हणत असेल तर बहुधा ती तुम्हाला ॲप टाकायला लावणार. त्याची गरज नाही. अँड्रॉइड ११ पासून फोनमध्येच स्क्रीन रेकॉर्डर आहे, वरची पट्टी खाली ओढा आणि तिथली बटणं चाळा. आयफोनला कंट्रोल सेंटरमध्ये आयओएस ११ पासून. आयफोनवर त्या गोल बटणावर बोट दाबून धरलं की माइक चालू करायचा पर्याय येतो, तो तेवढा विसरू नका.

---

शेवग्याची_शेंग | सोमवार, दुपारी १२:५२

सापडलं! खालच्या दुसऱ्या पानावर होतं.